एलिस स्ट्रीटवरचं क्रूस नसलेलं चर्च

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सॅन फ्रान्सिस्कोत युनियन स्क्वेअरजवळ हॉटेल घेतलंय, जवळच ग्लाइड नावाचं चर्च आहे, बाहेर जेवणासाठी लांब रांग असते आणि नातेवाईक म्हणतात तिकडे फिरकू नका. हे काय प्रकरण आहे आणि ख्रिस्ती नसलेल्यानं आत गेलेलं चालतं का?

चालतं, खुशाल जा. प्रकरण मात्र सविस्तर सांगावं लागेल.

तो भाग टेंडरलॉइन. १९०६ च्या भूकंपानंतर तिथं एकेक खोली भाड्यानं देणारी हॉटेलं दाटीवाटीनं उभी राहिली. (पुढे त्यातली बरीचशी गुजराती मंडळींनी चालवली.) सॅक्रामेंटोच्या लिझी ग्लाइड या श्रीमंत मेथॉडिस्ट (प्रोटेस्टंटांमधला एक पंथ) विधवेनं १९२९ मध्ये एलिस आणि टेलर रस्त्यांच्या कोपऱ्यावर जागा घेतली आणि गुरांच्या धंद्यात पैसा केलेल्या नवऱ्याच्या स्मरणार्थ चर्च बांधलं. १९३१ मध्ये ते पूर्ण झालं. बाईंनी त्यासोबत पैशाचीही तजवीज करून ठेवली होती. लोक ग्लाइडची गोष्ट सेसिल विल्यम्स या पाळकापासून (चर्चच्या धर्मगुरूपासून) सुरू करतात, मी या पैशापासून करतो. साठच्या दशकापर्यंत बऱ्या घरची मंडळी पांगली होती आणि बाक ओस पडले होते. दुसरं कुठलं चर्च असतं तर दानपेटीबरोबरच बंद पडलं असतं. इथं उत्पन्न चालू होतं, म्हणून कोणाची मर्जी न राखता काही करून बघायची मोकळीक मिळाली.

टेड मॅकिलवेना नावाचे तरुण पाळक इथं तरुणांमध्ये काम करायला आले. रस्त्यावरची बरीच मुलं समलिंगी असल्यामुळे घरच्यांनी हाकललेली आहेत, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यातून १९६४ मध्ये पाळक आणि समलिंगी कार्यकर्ते यांची एक परिषद स्थापन झाली. पैसे जमवायला परिषदेनं १ जानेवारी १९६५ ला कॅलिफोर्निया हॉलमध्ये नाचाचा कार्यक्रम ठेवला. पोलिसांनी दारातच दिवे लावून आत जाणाऱ्या प्रत्येकाचे फोटो काढले. वॉरंट दाखवा म्हणून पोलिसांना आडवे आलेले वकीलच पकडले गेले. दुसऱ्या दिवशी पाळकांनी पत्रकार परिषद घेऊन पोलिसांना धारेवर धरलं. समलिंगी लोकांनी छळाची तक्रार केली तर शहर ऐकत नव्हतं, पण तीच गोष्ट पाळक सांगायला लागल्यावर ऐकावं लागलं.

१९६६ मध्ये ग्लाइडच्या आधारानं रस्त्यावरच्या मुलांनी ‘व्हॅनगार्ड’ ही संघटना काढली. पोलीस वरचेवर ‘सफाई’ म्हणून त्यांना हुसकत, तर ही पोरं स्वतःच लांब दांड्याचे झाडू घेऊन मार्केट स्ट्रीट झाडायला उतरली! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चर्चपासून जवळच, टेलर आणि टर्कच्या कोपऱ्यावरच्या कॉम्प्टन्स कॅफेटेरियात एका पोलिसानं एका ट्रान्स (पारलिंगी) स्त्रीचा हात धरताच त्याच्या तोंडावर कॉफी उडाली, आणि ट्रान्स स्त्रियांनी साखरेच्या बरण्या फेकून काचा फोडल्या. न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारमधल्या समलिंगी लोकांच्या गाजलेल्या उठावाच्या तीन वर्षं आधीची ही गोष्ट, पण तिचं नाव फारसं कोणी घेत नाही.

सेसिल विल्यम्स १९६३ मध्ये आले. टेक्सासमधले कृष्णवर्णीय पाळक. १९६७ मध्ये त्यांनी वेदीमागचा क्रूस उतरवला. क्रूस मरणाचं चिन्ह आहे आणि आपल्याला जिवंत माणसांचं काम करायचंय, अशी त्यांची भूमिका. जुने सभासद भडकले आणि बरेचसे गेले. त्यांच्या जागी हिप्पी, बेघर, कार्यकर्ते आले आणि ऑर्गनच्या जागी जॅझ बँड. त्यांच्या जोडीला जॅनिस मिरिकितानी, पुढे त्यांच्या पत्नी. दुसऱ्या महायुद्धात तान्ह्या वयात जपानी-अमेरिकनांच्या छावणीत डांबल्या गेलेल्या कवयित्री. माझ्या मते संस्था रोजच्या रोज चालवली ती यांनी. मोफत जेवण, ऐंशीच्या दशकात कोकेनच्या (क्रॅक) व्यसनातून बाहेर काढणारे गट, एचआयव्ही तपासणी, आणि पुढे परवडणाऱ्या भाड्याची घरं.

अब्जाधीश गुंतवणूकदार वॉरन बफे यांच्यासोबतच्या जेवणाचा लिलाव तुम्ही ऐकला असेल. त्याचा पैसा इथंच यायचा. त्यांच्या पत्नी सुझन इथं सेवेला येत, त्यांनीच नवऱ्याला ओढून आणलं. २००० मध्ये सुरुवात झाली आणि २०२२ च्या लिलावात १ कोटी ९० लाख डॉलरची बोली लागली.

आता भांडण. २०१८ मध्ये मेथॉडिस्ट पंथाच्या बिशपबाईंनी (वरिष्ठ धर्माधिकारी) आपले पाळक काढून घेतले आणि प्रकरण कोर्टात गेलं. बिशपचं म्हणणं: लिझीबाईंनी मालमत्ता मेथॉडिस्ट कामासाठी दिली होती, आणि इथं ख्रिस्ती उपासना नावालाच उरली आहे. संस्थेचं म्हणणं: भुकेल्याला जेवू घालणं हीच उपासना. माझा कल संस्थेकडे असला तरी बिशप उगाच बोलत होत्या असं मला वाटत नाही. विल्यम्स २००० मध्ये निवृत्त झाले तरी सूत्रं त्यांच्या हातून सुटली नव्हती, आणि पाठीशी पैसा असला की हिशेब मागणारंही कोणी उरत नाही. शेवटी तडजोड झाली, ग्लाइड पंथातून बाहेर पडलं आणि इमारत त्यांच्याकडे राहिली. मिरिकितानी २०२१ मध्ये गेल्या, विल्यम्स २०२४ मध्ये, ९४ व्या वर्षी.

तुम्ही रविवारी सकाळी जा. धर्म कोणी विचारत नाही आणि गाणं फर्मास असतं. रस्त्यावर उघड्यावर नशा करणारी माणसं दिसतील, ती बहुधा तुमच्याकडे बघणारही नाहीत. भाड्याच्या गाडीत बॅग तेवढी ठेवू नका, काच फुटलीच समजा. आणि रांगेतल्या माणसांचे फोटो काढू नका. जेवण वाढायचं असेल तर आधी नाव नोंदवावं लागतं, ऐनवेळी गेल्यास जागा मिळेलच असं नाही.