एवढ्या आगीतही आर्गन गप्प का?

प्रश्न : नमस्कार सर, मी अंबडला फॅब्रिकेशन शॉपमध्ये आर्गन वेल्डिंग करतो, वायनरीवाल्यांच्या एसएसच्या टाक्या असतात आमच्याकडे जास्त. गॅस संपत आला की वेल्ड लगेच काळा पडतो, भोकं दिसतात, टंगस्टनचं टोक पण जळतं, म्हणजे आर्गन हवेला लांब ठेवतो एवढं कळतं. पण तो स्वतः का काही करत नाही? मुलगी अकरावीला आहे, ती म्हणते त्याचं अष्टक, म्हणजे बाहेरच्या कवचातले आठ इलेक्ट्रॉन, पूर्ण असतं म्हणून. मला काही ते पटलं नाही. आणि नायट्रोजन पण शांतच गॅस ना, स्वस्त पण पडतो, मग तो का नाही चालत?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : दादा, पोरगी चुकीचं नाही बोलत, पण तुम्हाला पटलं नाही हेही बरोबरच आहे. अष्टक पूर्ण आहे हे वर्णन झालं, कारण कुठे सांगितलं? अणूला काही अष्टक पूर्ण करायची हौस नसते, सगळा हिशोब एनर्जीचा असतो, पुस्तकं तो गाळतात आणि मुलं पाठ करून मोकळी होतात.

रिअॅक्शन करायची म्हणजे इलेक्ट्रॉन द्यायचा, घ्यायचा नाहीतर शेअर करायचा. आर्गनच्या केंद्रात 18 प्रोटॉन आणि बाहेरच्या कवचात 8 इलेक्ट्रॉन, आणि एकाच कवचातले इलेक्ट्रॉन एकमेकांवरची केंद्राची ओढ फारशी अडवत नाहीत, त्यामुळे ते आठही जण घट्ट धरलेले असतात. सोडियमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन काढायला साधारण 5.1 इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या हिशोबातलं एनर्जीचं माप) लागतात, आर्गनचा काढायला 15.8, म्हणजे तिपटीच्या वर. बरं, मग एखादा घ्यायला काय जातं? तर बाहेरच्या कवचात त्याला परवडेल अशी जागाच नाही, त्याला पुढच्या लांबच्या पातळीवर जावं लागणार आणि तिथे केंद्राची ओढ मधल्या 18 जणांनी पार झाकलेली, त्यामुळे घेतला तरी तो टिकत नाही. शेअर करायला एकटा मोकळा इलेक्ट्रॉन हवा, तोही नाही, सगळे जोडीने बसलेले.

आता तुमच्या टॉर्चकडे या. गंमत म्हणजे तुमच्या आर्कमध्ये, टंगस्टन आणि धातूमधल्या त्या विजेच्या झोतात, आर्गन इलेक्ट्रॉन सोडतोच! नोझलखाली जो लखलखाट दिसतो तो इलेक्ट्रॉन सुटलेल्या आर्गनचाच, करंट त्यातूनच जातो. पण आर्कच्या बाहेर जरा थंड झाला की पहिलं काम म्हणजे गेलेला इलेक्ट्रॉन परत घ्यायचा, मिळेल तिथून, आणि पुन्हा होता तसा. स्टीलशी कायमचा बाँड करण्यात त्याला काहीच फायदा नाही. हेलियमवर कधी काम केलं असेल तर आर्क धरायला त्रास झाला असेल, कारण तिथे एक इलेक्ट्रॉन काढायचा भाव 24.6 आहे.

नायट्रोजनचं प्रकरण वेगळं. तो शांत दिसतो ते दोन अणू तिहेरी बाँडने एकमेकांना चिकटलेत म्हणून. एकटा नायट्रोजनचा अणू अजिबात शांत नसतो, त्याचे तीन इलेक्ट्रॉन जोडीदार शोधतच असतात. आर्कच्या उष्णतेत तो बाँड तुटतो, मग नायट्रोजन वितळलेल्या लोखंडात विरघळतो आणि धातू थंड होताना बुडबुडे करून बाहेर यायला बघतो, तीच तुमची भोकं. टायटॅनियम असेल तर सरळ नायट्राइड बनतं आणि वेल्ड ठिसूळ होतो. आर्गन एकेकटाच फिरतो, तुटायला त्याच्याकडे बाँडच नाही. पाइपच्या आतून पर्जिंग करायला, म्हणजे गॅस भरून हवा बाहेर काढायला, काही ठिकाणी नायट्रोजन चालवतात, पण ते आर्कपासून लांब, टॉर्चमध्ये नको.

पण "कधीच रिअॅक्ट होत नाही" असं मुलीला लिहू देऊ नका हां. 1962 मध्ये रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांनी कॅनडात हा समज मोडून काढला, आर्गनच्याच घराण्यातल्या झेनॉन या वायूवर. प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड हा ऑक्सिजनच्या रेणूतूनसुद्धा इलेक्ट्रॉन ओढतो हे त्यांना दिसलं होतं, ऑक्सिजनला त्यासाठी 12.07 इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात आणि झेनॉनला 12.13, म्हणजे जवळजवळ तेवढेच, मग झेनॉन का नाही? दोन वायू एकत्र सोडले आणि रूम टेंपरेचरला लगेच पिवळट नारिंगी पदार्थ तयार! झेनॉनचे बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रापासून बरेच लांब असतात, म्हणून ते तुलनेने स्वस्तात सुटतात. आर्गनचं संयुग मात्र 2000 साली हेलसिंकीत मिळालं, तेही उणे 245 अंशांच्या खाली गोठवून, जरा गरम झालं की गेलं.

तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो, कारण टाक्यांचं काम आहे. आर्गन काही करत नाही म्हणजे सेफ, असं समजू नका. तो हवेपेक्षा साधारण 1.4 पट जड, टाकीच्या तळाशी साठतो, वास नाही, रंग नाही, ऑक्सिजनला बाहेर ढकलतो, आणि दम लागल्यासारखंही वाटत नाही, कारण दम कोंडल्याची जाणीव होते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठला की, आणि तो तर उच्छ्वासातून निघतच असतो. दोनचार श्वासांत माणूस आडवा होतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. पर्जिंग झालेल्या टाकीत ब्लोअर लावून, ऑक्सिजन मीटरने तळापर्यंत तपासून, बाहेर एक माणूस उभा करूनच उतरा, आणि जेवायला जाताना टॉर्चचा नाही, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा.