बाळ ठणठणीत, मग वर्षभर औषध कशाला?

प्रश्न : गरोदरपणाच्या आठव्या महिन्यात मला टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची लागण झाली आणि जन्मानंतर बाळालाही ती असल्याचे निदान झाले. मुलगी आता पाच महिन्यांची असून अगदी ठणठणीत दिसते. तरीही औषध वर्षभर आणि डोळ्यांची तपासणी ती मोठी होईपर्यंत, असे डॉक्टर सांगतात. हे गरजेचे आहे का? सासूबाई सगळा दोष घरच्या मांजरीला देतात. पुढच्या बाळालाही धोका आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : होय, दोन्ही गरजेचे आहे. पहिल्या तिमाहीत लागण झाली, तर ती बाळापर्यंत पोहोचण्याची शक्यता १० ते १५ टक्के असते, पण पोहोचली तर मेंदूत पाणी साठण्यासारखी गंभीर हानी होऊ शकते. शेवटच्या तिमाहीत ही शक्यता ६० टक्क्यांच्या वर जाते, मात्र अशी बहुतेक बाळे जन्मतः निरोगीच दिसतात. हे परजीवी रेटिनामध्ये, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यात, गाठीच्या रूपात वर्षानुवर्षे निपचित राहतात, औषधाने वाढणारे परजीवी आटोक्यात येतात, पण या गाठी नष्ट होत नाहीत आणि दहाव्या-पंधराव्या वर्षीही तिथे नव्याने सूज येऊ शकते. या सुजेचा मधोमध फिकट, कडेने काळसर असा व्रण रेटिनाच्या मध्यभागी पडला, तर दृष्टी कायमची अधू होते. लहान मूल मात्र ‘मला कमी दिसते’ असे सांगत नाही, फार तर मान तिरकी करून पाहू लागते किंवा त्याचा डोळा तिरळा होतो.

पायरिमेथामिन आणि सल्फाडायझिन ही वर्षभराची औषधे चालू असेतो रक्तातील पांढऱ्या पेशी ठरल्या वेळी तपासून घ्याव्यात. सोबतचे औषध फॉलिनिक ॲसिड आहे, फॉलिक ॲसिड नव्हे. नावांच्या साधर्म्यामुळे दुकानात गफलत होऊ शकते आणि फॉलिक ॲसिडने पायरिमेथामिनचा प्रभाव कमी होतो, म्हणून बाटलीवरचे नाव स्वतः वाचावे.

मांजरीविषयी सासूबाईंना एवढेच सांगावे, की साधारणपणे पहिल्या लागणीनंतरचे दोन-तीन आठवडेच तिच्या विष्ठेतून हे परजीवी बाहेर पडतात. अर्धकच्चे मटण, न धुतलेली भाजी आणि बागेतली माती यांतूनही लागण होते. आपली रोगप्रतिकारशक्ती चांगली असेल, तर पुढच्या बाळाला धोका जवळजवळ नाही. पुढच्या गरोदरपणी टॉर्च तपासणीत (गर्भाला बाधू शकणाऱ्या संसर्गांच्या रक्ततपासणीत) टॉक्सोप्लाझ्माचे आयजीजी, म्हणजे रक्तात दीर्घकाळ टिकणारी प्रतिपिंडे, पॉझिटिव्ह आले, तरी ती या जुन्या लागणीचीच खूण असेल.