कंपनीच्या समुपदेशकाशी बोललं तर एचआरला कळतं का?

"मॅडम, कंपनीत फुकट समुपदेशन मिळतं. नंबर सेव्ह करून ठेवलाय. पण लावला न्हाई."

कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत तिशीच्या आतली एक इंजिनिअर बोलत होती. (ओळख पटेल असे तपशील बदललेत, लिहायला तिची परवानगी आहे.) गाव कागलकडचं, घरात शिकलेली पहिलीच मुलगी, हिंजवडीत एका बड्या टेक कंपनीत नोकरी. सोमवारच्या मीटिंगआधी छातीत धडधडायचं, हात गार पडायचे. ईसीजीपासून थायरॉइडपर्यंत सगळं नॉर्मल.

"एचआरला कळलं तर?" ही धास्ती आयटीतली मुलं कायम बोलून दाखवतात. हिची मात्र जरा खोल होती. महिला दिनाला कंपनीनं तिला स्टेजवर बसवलं होतं, 'खेड्यातून आलेली महिला अभियंता' म्हणून तिचा फोटो लिफ्टशेजारी लावला होता. "रोज त्या फोटोपुढनं जायचं. त्यांना कसं सांगू, मला रात्रीची झोप न्हाई म्हणून?"

असे उपक्रम व्हायलाच हवेत, त्यांनी खरंच दारं उघडतात. पण एखादीला कौतुकाचं उदाहरण केलं की थकलेय म्हणायची तिला चोरी होते. फोटो लावणाऱ्यांनी याचा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं.

तिला मी सांगितलं ते असं. मोठ्या कंपन्यांत ही सेवा बहुतेक वेळा बाहेरची संस्था चालवते आणि कंपनीकडे जातात ते आकडे: किती जणांनी फोन केला, साधारण कशासाठी. नावं जात नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानंही रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. अपवाद आहेत. कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा कोर्टाचा आदेश असेल, तर गुप्तता मोडावी लागते. म्हणून नाव सांगण्याआधीच विचारायचं: नोंदी कोण ठेवतं, कंपनीला नेमकं काय कळवता, कोणत्या वेळी दुसऱ्याला सांगाल? आणि फोन आपल्या मोबाईलवरून लावायचा, ईमेल आपला द्यायचा. ऑफिसचा लॅपटॉप नको. रजेसाठी दिलेलं डॉक्टरांचं सर्टिफिकेट मात्र ऑफिसच्या फाइलला लागतं, ती वाट वेगळी.

कंपनीवर विश्वासच बसत नसेल तर टेली-मानस ही फोनवरची सरकारी मानसिक आरोग्य सेवा आहे, नंबर १४४१६. २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

मराठीचं मी मुद्दाम सांगितलं. पहिल्या दोन भेटींत ती अर्धं इंग्रजीत बोलत होती, नीटनेटकं, मीटिंगमध्ये बोलावं तसं. तिसऱ्या भेटीत एकदम म्हणाली, "मॅडम, मी लई दमलो." आपल्या कोल्हापूरच्या पोरी 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. पुण्यात पहिल्याच महिन्यात त्यावर हशा झाला, तेव्हापासून तिनं ते गिळलं होतं. त्या दिवशी ती रडली, आणि आमचं काम खऱ्या अर्थानं सुरू झालं.

पुढच्या शनिवारी रंकाळ्यावर बसून तिनं कंपनीच्या समुपदेशनाचा तो सेव्ह केलेला नंबर लावला. प्रश्न विचारले, मराठी बोलणारं कुणी आहे का तेही विचारलं. मॅनेजरला आजाराचं काही सांगितलं नाही, सोमवारची मीटिंग तासभर उशिरा ठेवा एवढंच मागितलं. ते मिळालं.

महिन्याभरानं तिचा मेसेज आला: "तिकडच्या मॅडम साताऱ्याच्या हाईत. त्यांच्यासंगं मी 'आलो-गेलो'च बोलतो."