सिंगापूरचा हेझ आणि दमा असलेलं मूल

ऑगस्टमध्ये ठाण्याहून सिंगापूरला बदली, मुलीला दमा, आणि नेटवरचे सिंगापूरचे २०१३चे धुरकट फोटो बघून वर्षभर थांबावं का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते थांबू नका. मुंबई-ठाण्याच्या डिसेंबर-जानेवारीच्या मानाने इथलं एरवीचं वर्ष बरंच स्वच्छ जातं.

हा धूर, म्हणजेच हेझ, इथला नाहीच. इंडोनेशियाच्या सुमात्रा आणि कालिमंतानमध्ये (बोर्निओ बेटाचा इंडोनेशियन भाग) पीटची दलदल आहे, म्हणजे हजारो वर्षांच्या अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याचे थर, काही ठिकाणी कित्येक मीटर खोल. पाम तेलाच्या आणि कागदाच्या लगद्यासाठी लागणाऱ्या झाडांच्या लागवडीसाठी कालवे खणून त्यातलं पाणी काढलं की उरतं ते जळण. तिथे रान साफ करायला काडी लावली की वरची आग विझल्यासारखी दिसते, पण खाली आठवडेच्या आठवडे धुमसत राहते, एखाद्या सरीला दाद देत नाही. जून ते ऑक्टोबर वारा साधारण दक्षिणेकडून-नैर्ऋत्येकडून वाहतो आणि तो धूर आमच्याकडे येतो.

दरवर्षी मात्र नाही. १९९७, २०१५, २०१९ ही वाईट वर्षं. १९९७ आणि २०१५ला जबर एल निनो (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापणं) होता, तर २०१९ला हिंदी महासागरातला धन द्विध्रुव, म्हणजे त्याची पश्चिम बाजू नेहमीपेक्षा गरम आणि पूर्व बाजू थंड. दोन्हींनी इंडोनेशिया कोरडा पडतो, पण धन द्विध्रुव आपल्या मान्सूनला सहसा हात देतो. म्हणजे भारतात शेतकरी खूश आणि इकडे आमच्या खिडक्या बंद! भारतीय हवामान विभागाच्या मान्सून अंदाजात एल निनो आणि द्विध्रुवाचा उल्लेख असतोच, निघण्याआधी तेवढा वाचा. अर्थात तीही हमी नाही. २०१३ला एल निनो नव्हता, तरी २१ जूनला तीन तासांचा पीएसआय (सिंगापूरचा हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक) ४०१वर गेला. आठवडाभरात हवा निवळली, पण तुम्ही पाहिलेले फोटो तेव्हाचेच.

आकड्यांत लोक हमखास गोंधळतात. बातम्यांतला पीएसआय २४ तासांच्या सरासरीचा असतो, त्यामुळे सकाळी धूर चढला तरी तो संथच हलतो. 'आत्ता मुलीला खाली खेळायला पाठवू का' याचं उत्तर मायईएनव्ही या सरकारी अ‍ॅपवरच्या एका तासाच्या पीएम २.५ मध्ये (हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचं प्रमाण) मिळतं: ५५पर्यंत ठीक, त्यावर गेला की दमेकऱ्याने घरात. शहराचे पाच भाग वेगळे दाखवतात, आपलाच बघा. परदेशी अ‍ॅप्सच्या मोजपट्ट्या निराळ्या असतात, त्यांचा आकडा यांच्याशी ताडून बघत बसू नका.

घरात एक झोपायची खोली नीट बंद होईल अशी तयार करा आणि तिच्या आकाराला पुरेल असा हेपा (बारीक कण अडवणाऱ्या) फिल्टरचा प्युरिफायर घ्या. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, त्यामुळे तो लावायला हरकत नाही, पण धूर तो गाळत नाही. आकडा उतरला की थोडा वेळ खिडक्या उघडा. आणि गणपती नेमके याच दिवसांत येतात. बंद घरात धूप, उदबत्ती, वर मिरचीची फोडणी: बाहेरचा धूर रोखून आतला कोंडून घेतला तर काय उपयोग? आमच्याकडे त्या दिवसांत उदबत्ती लावत नाही, बाप्पाची तक्रार आलेली नाही.

मास्क एन९५च, साधा सर्जिकल चालत नाही. मुलांच्या मापाचा आधीच घेऊन ठेवा, हेझ सुरू झाला की दुकानांत मिळत नाही. शाळेचं फार मनावर घेऊ नका, हवा फार बिघडली तर सरकारच बंद करतं, २५ सप्टेंबर २०१५ला प्राथमिक-माध्यमिक शाळा बंद होत्या. सगळ्यात आधी करायचं काम तिकडचंच आहे: तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून दम्याचा लेखी आराखडा घ्या, रोजचा इन्हेलर कोणता, त्रास वाढला तर किती पफ, आणि कधी थेट इस्पितळ गाठायचं. औषधांची नावं ब्रँडची नकोत, मूळ घटकांची लिहून घ्या, इथे ब्रँड वेगळे मिळतात.