घरातलं दुखणं कथेत आणताना

अगं, मसुदा वाचला. आईच्या मानसिक आजारपणावर कथा लिहायला बसलीस हेच मोठं काम आहे. आत्ता फक्त तीन गोष्टी सांभाळ.

एक, सगळं सांगायला जाऊ नकोस. वीस वर्षं कोंबण्यापेक्षा एक दुपार घे. माझ्या काकांवरची पहिली कथा याचमुळे पडली. जन्मापासून अंत्ययात्रेपर्यंत सगळं होतं, काका तेवढे नव्हते. दुसऱ्यांदा फक्त त्यांचा चहा लिहिला. मनाच्या आजारावरच्या लिथियमच्या गोळ्यांनी हात थरथरायचे, म्हणून काकू कप अर्धाच भरायची आणि ते रोज तिला "कंजूष" म्हणायचे. तिथे ते बोलायला लागले.

दोन, आजाराचं निदान म्हणजेच कथेतलं पात्र, असं समजू नकोस. तुझी आई भाजीवाल्याशी हुज्जत घालते, ते मसुद्यात कुठे गेलं? शिवाय स्किझोफ्रेनिया म्हणजे 'दोन व्यक्तिमत्त्वं' नव्हेत. छापील कथांतही ही चूक सापडते. जेरी पिंटोंची 'एम अँड द बिग हूम' (2012) ही इंग्रजी कादंबरी वाच. माहीमच्या छोट्या घरातली ती आई आजारी आहे आणि तोंडाची फटकळही. शांता गोखले यांनी ती मराठीत आणलीय.

तीन, "पण हे खरंच घडलंय" हा बचाव वाचकापुढे चालत नाही. गाव, नावं, नाती बदल. भावाच्या जागी बहीण घालून बघ, हात मोकळा होतो.

निवेदक कोण, काळ उलटा की सुलटा, हे सगळं नंतर. एखाद्या प्रसंगाने झोपच उडाली तर तो बाजूला ठेव, भाजीवाला आधी लिही. आणि छापायला पाठवण्याआधी भावाला वाचायला दे.