ग्लेंडाची आधीची दहा वर्षं

प्रिय मुली,

तुझं पत्र पोचलं. बँकेची परीक्षा पास झालीस, सोलापूरची शाखा मिळाली, मनापासून अभिनंदन. घरची परिस्थिती मला ठाऊक आहे, तेव्हा नोकरी घेऊ की नको यावर चर्चा नको. घे. तुझा खरा प्रश्न शेवटच्या पानावर आहे: पुण्यातल्या तालमी सुटल्या की नाटकही सुटणार का? आणि त्याचं उत्तर तूच देऊन मोकळी झालीयस, की ब्रिटिश अभिनेत्री ग्लेंडा जॅक्सन तेवीस वर्षं खासदारकी करून ऐंशीव्या वर्षी शेक्सपिअरचा किंग लिअर करायला परत आली, मग आपणही येऊ कधीतरी.

गोष्ट खरी आहे. पण तू ती भलत्या टोकाला धरलीयस. १९९२ साली ती ब्रिटनच्या संसदेत गेली तेव्हा तिच्या नावावर दोन ऑस्कर होती. तिने नाटक सोडलं तरी नाटकवाले तिला विसरणार नव्हते. तुला कोण ओळखतं? एका करंडकाचे परीक्षक आणि मी. रागावू नकोस. तुझ्या उपयोगाची ग्लेंडा १९५४ ते १९६४ मधली आहे, आणि त्या ग्लेंडावर कुणी रील करत नाही.

लिव्हरपूलच्या समोर, मर्सी नदीच्या पलीकडच्या काठावर बर्कनहेड म्हणून गाव आहे. तिथे १९३६ साली तिचा जन्म झाला. वडील गवंडीकाम करायचे, आई दुकानात राबायची, लोकांकडे साफसफाईलाही जायची. चार बहिणींत ही थोरली. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि बूट्स या औषधांच्या दुकानात दोन वर्षं नोकरी केली. संध्याकाळी हौशी मंडळींबरोबर नाटक. त्यातूनच राडा या लंडनच्या नाट्यशाळेची शिष्यवृत्ती मिळाली. तिथल्या प्राचार्यांनी निघताना सांगितलं, की तू मुळात चरित्र अभिनेत्री आहेस, चाळिशीपर्यंत फारशा कामाची आशा धरू नकोस. नायिकेचा चेहरा नाही, हेच सभ्य भाषेत. विशीच्या मुलीने हे ऐकून काय करायचं?

तिने मिळेल ते केलं. १९५७ साली वर्दिंगला व्यावसायिक रंगमंचावर उभी राहिली आणि मग गावोगावच्या रेपर्टरी कंपन्यांमध्ये फिरली. आपल्याकडे अशी पद्धत नाही म्हणून सांगते. गावातलं एक छोटं थिएटर, ठरलेला नटसंच आणि दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला नवं नाटक. संध्याकाळी चालू नाटकाचा प्रयोग, सकाळी पुढच्याची तालीम, रात्री त्याच्या पुढच्याचं पाठांतर. आज मोलकरीण, पुढच्या सोमवारी सरदारीण. मध्येमध्ये बेकारीही. काही काळ तर तिने स्टेज मॅनेजरचं काम केलं. म्हणजे विंगेत संहिता मांडीवर घेऊन बसायचं, लाइटचे क्यू द्यायचे, दुसऱ्या अंकातलं पत्र टेबलावर आहे ना ते बघायचं.

हे काम तुम्ही मुलं शिक्षा समजता. मी नवीन मुलांना पहिलं वर्ष प्रॉम्प्टिंगला बसवते तेव्हा तुमचे चेहरे बघण्यासारखे असतात. पण नाटक कुठे सैल पडतं हे विंगेतून जितकं स्वच्छ दिसतं तितकं रंगमंचावरून कधीच दिसत नाही. तिथे बसलं की कोणता नट टाळी मिळाल्यावर वाक्य लांबवतो, कोण समोरच्याचं ऐकतच नाही, नुसती आपल्या पाळीची वाट बघतो, सगळं कळतं. ग्लेंडाच्या कामात पुढे जो एक रोकडेपणा आला, एकही हालचाल फुकट नाही, त्याची पाळंमुळं मला या वर्षांत दिसतात. हा माझा तर्क आहे, ती असं म्हणाल्याचं मी वाचलेलं नाही.

१९६४ च्या सुमारास दिग्दर्शक पीटर ब्रूक रॉयल शेक्सपिअर कंपनीसाठी एक प्रायोगिक संच जमवत होता. त्यात ती निवडली गेली. तिचं वय तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस. १९६४ मध्येच ‘मारा/साद’ आलं. वेड्यांच्या इस्पितळात रुग्ण मिळून एक नाटक करतात अशी त्याची रचना. तिच्या वाट्याला आलेली रुग्ण झोपेच्या विकाराने पछाडलेली, आणि ती रुग्ण नाटकातल्या नाटकात साकारते फ्रेंच क्रांतीतल्या मारा या पुढाऱ्याची मारेकरी शार्लोट कॉर्डेला. आता नटीच्या बाजूने विचार कर. खुनाच्या हेतूने दारात आलेली बाई, आणि तिच्या आत जागं राहायला धडपडणारी दुसरी बाई. दोन्ही एकाच शरीरात, एकाच वाक्यात. एका प्रसंगात साद या लेखकाला फटके मारायचे असतात. चाबकाऐवजी ग्लेंडा आपले लांब केस त्याच्या उघड्या पाठीवर फिरवते, संथ, मान वळवून वळवून. १९६७ साली ब्रूकने त्याचा चित्रपट केला, त्यात हे बघायला मिळतं. बघच. अंगावर येतं, आणि त्यात तिचा चेहरा जवळजवळ काहीही ‘करत’ नाही.

त्यानंतरचं तुला ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगते. ‘विमेन इन लव्ह’साठी पहिलं ऑस्कर, ‘अ टच ऑफ क्लास’साठी दुसरं. दोन्ही वेळा समारंभाला गेली नाही. ऑस्करच्या बाहुल्या आईकडे दिल्या, आणि आईने त्या इतक्या घासूनपुसून ठेवल्या की वरचा मुलामा उडाला. गवंड्याच्या घरातलं कौतुक असंच असणार! १९७१ साली बीबीसीसाठी सहा भागांत पहिली राणी एलिझाबेथ केली. कोवळ्या मुलीपासून म्हातारीपर्यंत. राणीचं ते रुंद कपाळ दिसावं म्हणून पुढचे केस खरोखर भादरून घेतले.

त्याच वर्षीची एक गोष्ट मात्र रेंगाळून सांगण्यासारखी आहे. मोरकम आणि वाइज ही तिकडची टीव्हीवरची लाडकी विनोदी जोडी. त्यांच्या कार्यक्रमात एक मुद्दाम टुकार लिहिलेलं ‘ऐतिहासिक’ नाटुकलं असायचं आणि त्यात नामवंत नटांना ओढून फजिती करायची. ऑस्करवाली ग्लेंडा त्यात क्लिओपात्रा झाली, आणि मख्ख चेहऱ्याने ती व्याकरणाचा खून करणारी वाक्यं म्हणाली. जराही डोळा मारला नाही, की ‘बघा, मी गंमत करतेय’ असं दाखवलं नाही. ते बघून दिग्दर्शक मेल्विन फ्रँकने तिला ‘अ टच ऑफ क्लास’मध्ये घेतलं. दुसरं ऑस्कर मिळाल्यावर एरिक मोरकमने तार केली, आमच्याबरोबर राहा, तिसरंही मिळवून देऊ! तू गेल्या वर्षी बालनाट्यातली चेटकीण ‘माझ्या लेव्हलची नाही’ म्हणून नाकारलीस, ते मला इथे आठवल्याशिवाय राहिलं नाही.

आता संसद. पंतप्रधान थॅचरबाईंच्या धोरणांनी देशाची जी गत झाली त्या संतापातून ती राजकारणात उतरली. मजूर पक्षाची खासदार, लंडनच्या हॅम्पस्टेड आणि हायगेटमधून. १९९७ पासून दोन वर्षं वाहतूक खात्यात कनिष्ठ मंत्री. इराक युद्धावरून आपल्याच पंतप्रधानांना धारेवर धरलं. २०१० ची निवडणूक जिंकली ती फक्त ४२ मतांनी. संसदेतलं नाटक म्हणजे तालमी कमी, प्रकाशयोजना वाईट आणि ध्वनियोजना त्याहून वाईट, असं ती थट्टेने म्हणायची. पण २०१३ साली थॅचर गेल्यावर सभागृहात सगळे गोडगोड बोलत असताना हिने केलेलं भाषण ऐक. समोरच्या बाकांवरून आरडाओरडा चालू आहे आणि हिचा श्वास कुठेही तुटत नाही, आवाज चढतो पण फाटत नाही. मतं पटोत न पटोत, श्वासाचा धडा म्हणून ऐक.

२०१५ ला निवडणूक लढवली नाही. आधी रेडिओवर आली, मग २०१६ साली लंडनच्या ओल्ड व्हिक थिएटरमध्ये डेबोरा वॉर्नरच्या दिग्दर्शनाखाली लिअर. (लिअर म्हटलं की आपल्याला आधी ‘नटसम्राट’मधले अप्पासाहेब बेलवलकर दिसतात. हरकत नाही, पण मूळ नाटक वाच. ते फार कमी हळवं आहे.) बाईने लिअर कसा करावा यावर पुष्कळ शाई सांडली. तिचं म्हणणं साधं होतं. खासदार म्हणून वृद्धाश्रमांत जायचे तेव्हा दिसायचं, की वय वाढलं की बाई आणि पुरुष यांच्यातल्या सीमारेषा पुसट होत जातात. पुढे २०१९ साली तिने टीव्हीवर स्मृतिभ्रंश झालेली म्हातारी केली, त्याबद्दल बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. त्याआधी २०१८ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या नाटकासाठी टोनी पुरस्कार. २०२३ च्या जूनमध्ये, सत्त्याऐंशीव्या वर्षी गेली, तेव्हा मायकेल केनबरोबरचा चित्रपट प्रदर्शित व्हायचा होता.

तेव्हा वृद्धाश्रमातल्या भेटी वाया गेल्या नाहीत हे खरं. मात्र तू लगेच पेन्शन घ्यायला येणाऱ्या आजोबांची टिपणं काढायला बसू नकोस. तिथे ती नटी म्हणून जात नव्हती, लोकांची कामं करायला जात होती. तूही काउंटरवर बसशील तेव्हा पासबुकाकडे लक्ष दे. जे साठायचं ते साठेल.

आवाजाचं मात्र तसं नाही. तो आपोआप टिकत नाही, एसीत बसून तर नाहीच. रोज सकाळी वीस मिनिटं मोठ्याने वाचायचं, शेजारी काहीही म्हणोत. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी सोलापूर केंद्रावर होते. हुतात्मा स्मृती मंदिरात जा, चार प्रयोग बघ, ज्या संस्थेचं काम आवडेल तिला जाऊन भेट. भूमिका मागू नकोस. प्रॉम्प्टिंगला कुणी हवंय का, एवढं विचार. हवंच असतं.

आणि रुजू झालीस की शाखेची वेळ कळव, म्हणजे फोन कधी करायचा ते मला कळेल. पहिल्या महिन्यात विंदा करंदीकरांनी केलेला अनुवाद, ‘राजा लिअर’, मिळव. पहिला प्रवेश फोनवर रेकॉर्ड करून मला पाठव. लिअरच्या धाकट्या मुलीचा, कॉर्डेलियाचा भाग नको, लिअरचा.

तुझी,
ताई