पिठावरचं पाऊल

प्रिय पोरी,

तुझं पत्र परवा मिळालं. उपकेंद्रावर रुजू होऊन दोन महिने झाले नाहीत, तोच तुझ्या हातात माणूस गेला. झोप लागत नाही म्हणतेस. काही दिवस लागायची नाही. माणूस मरणाला एवढा का भितो आणि पुढं काय असतं, असं तू विचारलंस. पुढचं कोणी पाहून येऊन सांगितलेलं नाही. भीतीबद्दल मात्र नर्सबाई म्हणून घरोघरी फिरताना जे दिसलं, ते लिहिते.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी एक म्हातारी होती. ओसरीत खाटेवर पडून असायची. एका दुपारी माझा हात धरून म्हणाली, "मले भेव लागते वं बाई." मी म्हटलं, "काही होत नाही आजी, बऱ्या व्हाल तुम्ही." तिनं हात सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, डोळा लागला. पुढच्या गावात लसीकरण होतं, मी सायकल काढली. दुसऱ्या दिवशी ती गेल्याचं कळलं. सून सांगत होती, रात्री म्हणाली, "येकटीले जा लागते न." तिला बरं व्हायचं नव्हतंच, पोरी. तिला कोणीतरी जवळ बसायला हवं होतं, आणि मी खोटं बोलून उठून गेले. ते वाक्य मी परत कोणाला म्हटलं नाही. तूही म्हणू नको.

एका कास्तकाराची गोष्ट वेगळी होती. कापूस विकला होता, पण चुकारा हाती आला नव्हता. जीव जात नव्हता, नजर सारखी दाराकडे. बायका म्हणत, कोणाची तरी वाट पाहतात. शेवटी मोठा पोरगा उशाशी बसला आणि मोठ्यानं हिशेब सांगू लागला. सोसायटीचं इतकं, दुकानदाराचं इतकं, बहिणीच्या लग्नासाठी इतकं बाजूला. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "मी करतो, बाबा." त्या माणसाच्या कपाळावरची आठी माझ्यासमोर उतरली. तेव्हापासून मला वाटतं, मरणाची भीती म्हणून आपण जे पाहतो त्यात मोठा वाटा मागं राहणाऱ्यांच्या काळजीचा असतो. म्हणून बसल्यावर आधी विचारावं, जिवाला कशाचा घोर लागला आहे. स्वर्ग-नरकाचं क्वचितच निघतं. वावराचं निघतं, पोरीचं निघतं, भावाशी धरलेल्या अबोल्याचं निघतं.

थोडी भीती निव्वळ शरीराची असते. सरीत साप दिसला की आपण विचार करायच्या आधी मागं सरतो, तीच ही. दम लागला की छाती धडधडते, आणि छाती धडधडली की आणखी दम लागतो. अशा वेळी समजावण्यात वेळ घालवू नको. पाठीशी उशा देऊन बसतं कर, खाटेभोवतीची गर्दी हटव, दार उघड, तोंडावर वारा घाल. शेवटी घशात घरघर लागते. गिळता न आलेली लाळ आणि कफ साचून ती येते. ऐकणाऱ्याच्या काळजाला घरं पडतात, पण शुद्ध हरपलेल्या माणसाला तिचा तेवढा त्रास बहुधा होत नसतो. हे घरच्यांना सांग. आणि गंगाजल पाजायची घाई झाली तर तिथं उभी राहा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात चमचाभर पाणी घातलं तर ते श्वासनळीत जातं. कापसाचा बोळा भिजवून ओठांवरून फिरवायला लाव, तुळशीचं पान ओठांवर ठेवू दे. त्यांचंही मन राहतं आणि त्या जिवालाही ठसका लागत नाही. रडारड आणि वाटणीच्या गोष्टी खाटेपासून दूर होऊ देत. डोळे मिटले तरी कान जागे असू शकतात.

आता पुढचं. मी लहान असताना आजी गेली. जिथं तिनं प्राण सोडला तिथं ज्वारीचं पीठ पसरलं, दिवा लावला, वर टोपली झाकली. सकाळी टोपली उचलली तेव्हा सारं घर वाकलं. पिठावर तीन बारीक रेघा होत्या. आई म्हणाली, "चिमणी झाल्या." आणि रात्रीपासून पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला. मुंगी फिरली असेल की उंदीर, हे मला तेव्हाही सुचलं होतं. पण आईला आजी कुठंतरी पोचलेली हवी होती.

हे आजचं नाही. नागपूरजवळ जुनापाणीला, माहुरझरीला दगडांची वर्तुळं आहेत, अडीच हजार वर्षांहून जुनी. आपल्या या मातीतल्या माणसांनी ती मेलेल्यांसाठी मांडली. माहुरझरीला खोदलं तेव्हा लोखंडी कुऱ्हाडी, मातीची भांडी, मणी निघाले, घोड्याची हाडंसुद्धा. गेलेल्याला तिकडे काही कमी पडू नये म्हणूनच दिलं असावं, असं मला ते पाहताना वाटलं. तेव्हा कोणी पीठ पसरलं तर हसू नको. मात्र मरणाऱ्याला यमाच्या शिक्षा ऐकवणारा कोणी बसला असेल तर त्याला बाहेर चहाला पाठव. तिथं मी भीड बाळगली नाही.

विनोबा गेले तेव्हा मी नोकरीत नवीच होते. आजारपणात त्यांनी अन्न आणि औषध थांबवलं आणि १५ नोव्हेंबर १९८२ ला, ऐन दिवाळीत, पवनारला देह ठेवला. आमच्या वर्धा जिल्ह्यात कितीतरी दिवस दुसरा विषय नव्हता. मरण यावं तर असं, हे मी तेव्हा सगळ्यांना सांगत सुटायची. ते योग्य नव्हतं. आयुष्यभर साधना केलेल्या माणसाचं धैर्य कर्जात बुडालेल्या माणसाकडून मागायचं नसतं. भ्यालेल्याला भिऊ द्यावं आणि आपण हात सोडू नये.

तू गेलेल्या बाईंच्या सुनेबद्दल लिहिलंस, की ती एक शब्द बोलत नाही. तेरवीपर्यंत ते घर भरलेलं राहील. पाहुणे परतले की चौदाव्या दिवशी जा, आणि रजिस्टर घरी ठेवून जा.

तुझी,
नर्सबाई मावशी